चुनखडीचा माळ

(सामुदायिक रेडिओवरील 'माळावरच्या गप्पा' या भाषणाचा मजकूर)

आज स्टुडिओत येताना मी पिशवीतून दोन वस्तू आणल्यात. एक लिंबू आणि एक खडा. खडा पांढुरका आहे, बोराएवढा, वरून खडबडीत, जागोजागी आल्यासारखे कोंब फुटलेला. तुम्हाला दिसत नाही, पण ओळखलं असेल. चुनखडी. ओढ्याच्या दरडीत, विहिरीच्या मातीत, नांगरलेल्या रानात सापडते ती. आता या खड्यावर मी लिंबाचे चार थेंब पिळते. माईक जवळ धरते, ऐका. चर्र असा बारीक आवाज आला ना? फेस आलाय वर. तुमच्या रानातल्या खड्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर चुनखडी, नाही आला तर साधी गारगोटी.

मी पुण्यात राहते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पण माझं माहेर सुप्याच्या बाजूचं, बारामती तालुक्यातलं. पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, मग जेजुरी, मग मोरगाव आणि पुढे सुपे, असा आमचा रस्ता. लग्न होऊन शहरात आले तेव्हा वाटायचं, कुठे ते उघडं माळरान आणि कुठे हे पुणं. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध? संबंध होता, तो मला फार उशिरा कळला.

शनिवारवाडा तुम्ही पाहिला असेल, निदान फोटोत. पहिल्या बाजीरावानं तो १७३० साली बांधायला काढला आणि १७३२ साली वास्तुशांत केली. त्याचं सागाचं लाकूड आलं जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना आला जेजुरीच्या पट्ट्यातून. म्हणजे आपल्याकडून! आपल्या बाजूच्या मातीतली चुनखडी वेचायची, भट्टीत भाजायची आणि कळीचा चुना करायचा. भट्ट्या लावण्याचं काम लोणारी समाजाची माणसं करायची. भाजलेल्या कळीवर पाणी ओतलं की ती फसफसून फुटते, वाफ निघते. मग वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायची. दगडी गोल चर, त्यात उभं दगडी चाक आणि त्याला जुंपलेला बैल. जुन्या किल्ल्यांवर, जुन्या देवळांशेजारी अशी चाकं अजून पडलेली दिसतात. पुढच्या वेळी दिसलं तर मुलांना सांगा, ते जातं नव्हे, चुन्याचा घाणा आहे.

तर हा खडा आपल्याला परका नाही. आजी पानाच्या चंचीत चुनाळं ठेवायची, दिवाळीआधी घराला चुना लागायचा, तो याचाच भाऊबंद. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, ते दुखणंही बऱ्याच अंशी यातूनच आलेलं. पाण्यात विरघळलेला चुनाच तो.

आता हा खडा तयार कसा होतो ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आपला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून थरांवर थर ओतले गेले, त्यातून सगळा दख्खन घडला. या काळ्या दगडात चुन्याचा अंश असतो. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून येताना किंचित आंबट होतं, लिंबासारखंच, पण फार सौम्य. ते दगडातला चुना हळूहळू विरघळवतं आणि मातीत खाली नेतं. कोकणात पाऊस इतका, की तो चुना धुऊन समुद्रात जातो. आमच्याकडे मात्र पाऊस थोडा. घाटमाथ्यावर ढग रिते होतात आणि सुप्याला येईपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. पाणी चुना घेऊन हात-दोन हात खाली जातं, तेवढ्यात पाऊस संपतो, ऊन तापतं, पाणी उडून जातं. चुना मात्र तिथेच राहतो. असं हजारो वर्षं चाललं की त्याचे खडे होतात आणि खड्यांचे थर होतात. म्हणजे चुनखडी ही दुष्काळाची नोंदवही आहे असं मी शाळेत सांगायचे. मुलं हसायची.

मोरगावाजवळ कऱ्हेच्या काठाला तर त्याहून नवल आहे. नदीच्या दरडीत, जुन्या गाळामध्ये राखेचा एक पांढुरका थर सापडला. चुलीची राख नव्हे, ज्वालामुखीची. आणि तो ज्वालामुखी इथला नाही, पार इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा. समुद्र ओलांडून ती राख कऱ्हेवर येऊन पडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ काम केलंय. ती राख पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची की आठेक लाख वर्षांपूर्वीची, यावर तज्ज्ञांचा वाद आहे. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली, हातात मावणाऱ्या दगडी कुऱ्हाडी. आपण ज्या नदीवर गोधड्या धुतल्या, तिच्या काठावर इतकं जुनं माणूस वावरून गेलंय, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. असो. वाहवत चालले मी.

आता माळाकडे येऊ.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावच्या मयूरेश्वराच्या नावाचं. १९९७ साली ते जाहीर झालं. आकार जेमतेम पाच चौरस किलोमीटर. राज्यातल्या लहानातल्या लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. तिथे पहिल्यांदा जाणारा पुणेकर हमखास विचारतो, "जंगल कुठाय?" कारण तिथे दाट झाडी नाही. उतरत्या टेकड्या, गुडघाभर गवत, मधे हिवर, बोर, खैर, बाभूळ, तरवडाची पिवळी झुडपं, पायाखाली मुरूम आणि खडे. उन्हाळ्यात तर सगळं भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं. नीट बघत बसलं, म्हणजे अर्धा तास न बोलता, की त्याच रंगातून एक कान हलतो. चिंकारा.

आम्ही लहानपणी नुसतं हरिण म्हणायचो. चिंकारा शेळीपेक्षा फार मोठा नाही, वजन वीस-पंचवीस किलोच्या आत. नरालाही शिंगं, मादीलाही, फक्त मादीची बारीक. घाबरला की पुढचा पाय आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो. त्या शिंकेवरूनच चिंकारा नाव पडलं असं म्हणतात. याची खरी करामत म्हणजे पाण्यावाचून राहणं. पानांतला रस आणि पहाटेचं दव यांवर तो कित्येक दिवस काढतो. पाणवठा असला तर पितो, नसला तर रडत बसत नाही. मादी पिल्लाला गवतात दडवून ठेवते आणि स्वतः लांब चरते, म्हणजे लांडग्याचं लक्ष पिल्लाकडे जाऊ नये. दिवसातून थोड्या वेळा येऊन पाजते. गवत नसेल तर दडवणार कुठे? हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुन्हा त्यावर यायचंय.

पक्षी तर विचारू नका. पखुर्डी नावाचा एक पक्षी आहे, पारव्याएवढा, मातीच्या रंगाचा. उघड्या जमिनीवर अंडी घालतो. पिल्लं झाली की नर सकाळी लांबच्या पाण्यावर जातो, पाण्यात उतरून पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच ओला उडत परत येतो. मग पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी पितात. लांबून पाणी आणायचं काम आमच्याकडे बायकांकडे, पखुर्डीत बापाकडे. ही गोष्ट मी आमच्या गटात सांगितली तेव्हा एक जण म्हणाली, "बाई, पुढच्या जन्मी पखुर्डीच होते!"

टिटवीही तशीच. घरटं म्हणजे खड्यांमधला एक खळगा. अंडी खड्यांच्या रंगाची, ठिपक्यांची. दोन पावलांवर असून दिसत नाहीत. धाविक आहे, चंडोल आहेत. हिवाळ्यात भोवत्या नावाचे ससाण्यासारखे पक्षी मध्य आशियातून येतात, दिवसभर नाकतोडे आणि उंदीर मारतात आणि रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर मुक्काम करतात. नाकतोडे नि उंदीर मारणारा पाहुणा शेतकऱ्यानं खरं तर ओवाळून घ्यायला हवा.

आणि तरस. तरसाची एक गंमत सांगते. मी आठेक वर्षांची असेन. आम्ही मुली माळावर शेण्या वेचायला जायचो. एकदा मला पांढरेशुभ्र, हलके गोळे सापडले. वाटलं, वा, छान चुनखडी, पाटीवर लिहायला होईल. ओच्यात भरून घरी आणले. आजीनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं कार्टे, ती तरसाची विष्ठा हाय!" तरस हाडं चावून खातं, हाडांतला चुना पचत नाही, म्हणून त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते. त्या दिवशी मला आंघोळ करूनच घरात घेतलं. पण अंड्याचं कवच, गोगलगायीचा शंख आणि हा माझ्या हातातला खडा मुळात एकाच पदार्थाचे, हे पुढे वर्गात शिकवताना मला दरवेळी ते तरस आठवायचं.

इथवर मजा झाली. आता जरा अवघड गोष्ट.

काही वर्षांपूर्वी माझ्या वहिनीचा फोन आला. वहिनी गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. म्हणाली, "वन्सं, एक संस्था आली होती. गायरानावर झाडं लावायची म्हणतात. खड्ड्यामागं पैसे देणार, रोपं देणार, नंतर पाणी घालायची मजुरी देणार. बायकांना तीन महिन्यांचं काम मिळतंय. तुम्ही या, चार शब्द सांगा झाडांवर." मी आनंदानं गेले. पुण्याची शिकलेली नणंद ना मी! झाडामुळे पाऊस येतो, झाड म्हणजे जीवन, सगळं भाषण झालं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पहार, कुदळ, घमेली घेऊन पंचवीस बायका गायरानावर.

ते गायरान अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं. पण हरणाला हद्द माहीत नसते. पाच चौरस किलोमीटरमध्ये काय भागतं त्याचं? ते आत-बाहेर करतच असतं. सरकारी कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणतात. पडीक म्हणजे काहीच नसलेली.

पहिला फूटभर माती लागली. मग पहारीचा आवाज बदलला. खण् खण्. खाली चुनखडीचा थर. हातभर खड्ड्याला अर्धा दिवस जाऊ लागला. बायकांच्या तळव्यांना फोड आले. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी टिटव्या डोक्यावर येऊन नुसत्या किंचाळत होत्या. आम्ही म्हटलं, ओरडू दे. मग कुणाच्या तरी पायाखाली काहीतरी फुटलं. चार अंड्यांतली तीन. वहिनी कुदळ टाकून खाली बसली. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "माळ रिकामा न्हवता की गं."

तरी काम थांबलं नाही. मजुरी होती. मीही थांबा म्हटलं नाही, हे आज कबूल करते.

झाडं लागली. पावसाळाभर हिरवी दिसली. फोटो निघाले. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. शेतात असं झालं की आपण केवडा पडला म्हणतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही, चुना त्याला बांधून ठेवतो. भुईमुगाला, उसाला, लिंबा-मोसंबीला हेच होतं. वर खाली कठीण थर, मुळं उतरणार कुठे? टँकरचं पाणी दोन महिने आलं, मग बंद झालं. मे महिन्यात मी गेले तेव्हा गायरानावर ओळीनं काटक्या उभ्या होत्या. जगलं काय, तर ग्लिरिसिडिया. त्याला आमच्याकडे कुणी गिरिपुष्प म्हणत नाही. त्याचा पाला शेळ्या तोंडात घेईनात, आणि त्याच्या सावलीत गवत उगवेना.

मी काही झाडांची शत्रू नाही. ओढ्याकाठी करंज लावा, बांधावर बोर ठेवा, सीताफळ लावा. पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर याच कोरड्या पट्ट्यात पिकतं, अंजिराला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माळ हा उजाड झालेलं जंगल नसतो. तो मुळातच माळ असतो. त्याची मालकीण म्हणजे मारवेल, पवना, कुसळी. गवताची मुळं बारीक आणि दाट, वरच्या हातभर मातीतच जाळं विणतात. चुनखडीच्या थराशी त्यांना भांडायची गरजच पडत नाही. त्या वर्षी पन्नाशीतल्या मला हे नव्यानं शिकावं लागलं, आणि शिकवलं कुणी, तर वहिनीच्या शेजारच्या एका धनगर आजींनी. त्या म्हणाल्या, "बाय, मेंढरानं काय झाड खावं का?"

आता शेळ्या-मेंढ्यांचा विषय निघालाच आहे तर सरळ बोलते. अभयारण्य झालं तेव्हा आमच्या बायकांना पहिली गोष्ट काय कळली? शेळ्या आत न्यायच्या नाहीत. चिंकारा म्हणजे काय, तो कायद्यानं वाघाइतकाच जपलेला, हे नंतर कळलं. आधी कळली ती बंदी. हरणाला माळ राखीव आणि विधवेच्या चार शेळ्यांना नाही, हा राग खोटा नाही. हरणं हरभऱ्याचे शेंडे खातात, ज्वारीचे कोंब खातात, तेही खोटं नाही. लांडगा शेळी उचलतो, तेही नाही.

सोलापूरकडे नान्नजला काय झालं ते आठवा. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आली. लोकांना आपली जमीन विकता येईना, विहीर-रस्त्याच्या परवानग्यांसाठी चकरा. लोकांच्या मनात पक्ष्याविषयी माया राहील कशी? पुढे हद्द कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणली. पण तोवर माळढोक दिसेनासा होत आला होता. माळही गेला, माणसंही दुखावली, पक्षीही गेला. कागदावर मोठं अभयारण्य आखणं सोपं.

एक वेगळं उदाहरण देते. दूरचं आहे, पण ऐका. आयर्लंड नावाच्या देशात पश्चिम किनाऱ्याला बरेन म्हणून प्रदेश आहे. तिथेही राखीव उद्यान आहे. सगळा डोंगर चुनखडकाचा, आमच्यासारखे खडे नव्हेत, अख्खे पाषाणच. मैलोन्‌मैल फरसबंदी अंगण असावं तसा. त्या फरश्यांच्या भेगांत दर वसंतात रंगीबेरंगी रानफुलं येतात, जगभरातून लोक बघायला येतात. तिथले शेतकरी शेकडो वर्षं हिवाळ्यात गुरं डोंगरावर नेत आले. गुरं जाडंभरडं गवत खायची, म्हणून वसंतात नाजूक फुलांना ऊन मिळायचं. मग शेतीची रीत बदलली, डोंगरावर गुरं कमी जाऊ लागली. काय झालं? फुलं वाढली असं वाटेल. नाही. झुडपं माजली आणि फुलं दबली. तेव्हा तिथल्या लोकांनी उलटा विचार केला. शेतकऱ्याला बाहेर काढायचं नाही. ज्याच्या रानात फुलं जास्त, गवत चांगलं, त्याला पैसे जास्त. दरवर्षी रान बघून गुण द्यायचे, शाळेत देतात तसे.

आमच्याकडे ते जसंच्या तसं चालणार नाही, मला ठाऊक आहे. तिथे पाऊस भरपूर, इथे टँकर. तिथे गुरं कमी पडली, आपल्याकडे शेळ्या जास्त झाल्या. पण चराई म्हणजे पाप आणि बंदी म्हणजे पुण्य, इतकं ते सोपं नाही, एवढं मला त्यातून कळलं. केव्हा चारायचं, किती चारायचं, हा खरा प्रश्न. धनगरांना तो हिशोब येतो. ते एका जागी बसत नाहीत. दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात, खत देतात, पुढे जातात. तेवढ्यात मागचा माळ श्वास घेतो. लांडग्यानं एखादं कोकरू नेलं तर जुनी माणसं म्हणायची, त्याचा वाटा होता. आजच्या भावात कोकराचा वाटा परवडत नाही, हेही खरं.

गटाच्या बैठकीत पुढच्या वर्षी पुन्हा तीच योजना आली. मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं, त्याच खड्ड्यांत. पैसे होते. त्या रात्री मी तिथेच होते, आणि दोन तास भांडण झालं. एक बाई रडली. तिचा नवरा कर्जात होता, तिला ती मजुरी हवी होती. "तुमी पुण्याला जाल, आमी खायचं काय?" ती मला म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.

शेवटी वहिनीनं तोड काढली. वरच्या माळावर खड्डा घ्यायचा नाही. झाडं ओढ्याकाठी आणि बांधावर लावायची, तिथे माती आहे. माळावर दिवाळीपर्यंत शेळी सोडायची नाही, म्हणजे गवत बी धरेल, बी झडेल. मग कापणी, वाटून, आणि कापून झाल्यावर चराई. संस्थेला ते पटलं नाही, त्यांच्या कागदात माळावरच्या खड्ड्यांची संख्या होती. ती संस्था गेली. बायकांची त्या वर्षीची मजुरीही गेली. जी बाई रडली, तिनं वर्षभर गट सोडला.

गवताचं मात्र चांगलं झालं. पहिल्या वर्षी फार नाही. दुसऱ्या वर्षी मारवेल दिसायला लागलं. तिसऱ्या वर्षी बायकांनी भारे मोजून वाटून घेतले आणि उन्हाळ्यात कडबा कमी विकत घ्यावा लागला. ती सोडून गेलेली बाई परत आली. मला बोलली नाही पुष्कळ दिवस, पण भारा घ्यायला आली.

सगळं छान झालं असं समजू नका. माळाच्या एका टोकाला रात्री मुरूम उपसतात. कोण, ते गावाला माहीत आहे, बोलत कुणी नाही. उघड्या विहिरींत हरणं, खोकडं पडतात. आमच्या गटानं गावातल्या दोन विहिरींना कठडे बांधून घेतले, अजून कित्येक उघड्या आहेत. आणि कुत्री. हॉटेलांचं खरकटं, कोंबड्यांच्या शेडचा कचरा उघड्यावर पडतो, त्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसतात. त्या चिंकाऱ्याची पिल्लं धरतात, लांडग्यांना रोग देतात. आपल्या पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि गावकुत्रं यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत आढळलंय. देशात लांडगे राहिलेत सुमारे तीन हजार. खरकटं खड्ड्यात पुरायचं काम बायका करू शकतात, त्याला कुठल्या योजनेची वाट बघायला नको.

कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगून थांबते. लांडग्यानं शेळी मारली किंवा हरणांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडून भरपाई मिळते. मेलेलं जनावर हलवू नका, फोटो काढा, त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. उशीर झाला की पंचनाम्याला अडचण. विहिरीत जनावर पडलं, जखमी दिसलं, तर १९२६ हा वनखात्याचा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पिल्लू गवतात एकटं दिसलं तर उचलून घरी आणू नका. ते टाकलेलं नसतं, आई लांब उभी असते. तुम्ही गेलात की ती येते.

आणि गटाची सहल काढायची असेल तर दरवेळी महाबळेश्वरच कशाला? सुप्याला या, पहाटे या, गडद रंगाच्या साड्या नेसू नका, आणि बोलू नका, हे आपल्याला अवघड आहे ते मला माहीत आहे. इंदापूरकडे कडबनवाडीला आणि बारामतीकडे शिर्सुफळला वनखात्यानं माळाची सफर सुरू केलीय, गावातलीच मुलं वाटाडे म्हणून असतात, चार पैसे गावात राहतात. येताना जेजुरी करा, मोरगाव करा.

परवा वहिनीचा फोन होता. आमच्या जुन्या खड्ड्यांपैकी काही पावसानं बुजत आलेत आणि त्यांच्या कडेला गवत चढलंय म्हणाली. एका खड्ड्यात सकाळी तिला चिंकाऱ्याचं पिल्लू बसलेलं दिसलं, कान आडवे करून, खड्यांच्या रंगाचं. ती तिथून मागच्या मागं सरकली आणि शेळ्या दुसरीकडून वळवल्या.